हात उकडीत असताना

त्या दिवशी संकष्टी होती. लालबागला आईकडून परत निघाले होते आणि दादरला बोरिवली स्लोमध्ये नशिबाने चौथी सीट मिळाली. अर्धं अंग बाकावर, अर्धं वाटेत, तरी गर्दीच्या वेळेला तेही खूप. संकष्टीच्या संध्याकाळी लेडीज डब्याला वेगळाच वास असतो. कुणाच्या पिशवीतून दूर्वांची जुडी डोकावते, कुणाच्या मांडीवर जास्वंदीचा पुडा असतो, भिजलेल्या वर्तमानपत्राचा आणि उपाशी श्वासांचा वास एकमेकांत मिसळतो. माहीम जायच्या आत कुणीतरी विचारतंच, "आज चंद्रोदय कितीला गं?" त्या दिवशीही कुणीतरी विचारलं. नऊ वाजून गेल्यावर, असं उत्तर आलं आणि माझ्या शेजारची बाई स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे जमेल मला."

पस्तिशीची असेल. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, ओठ सुकलेले, मांडीवरच्या पिशवीत सोललेला नारळ. तिने फोन काढून काहीतरी शोधलं. लोकलमध्ये शेजारच्या फोनकडे नजर जातेच, तशी माझीही गेली. समोर माझं पितळी मोदकपात्र होतं. माझ्या ओट्यावरचं, माझ्या खिडकीच्या उजेडातलं. हळदीच्या पानाची एक कड मी त्या दिवशी घाईत वाकडी कापली होती, ती वाकडी कडही दिसत होती.

इतक्या वर्षांत माझा पाककृतींचा ब्लॉग वाचताना मी कुणाला प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. पोटात गोळा आला. ती भराभर खाली जात होती. माझी आजी, आजीचं जातं, आंबेमोहोराचा वास, हे सगळं तिच्या अंगठ्याखालून सरकलं. मग एक जाहिरात. मग थोडा मजकूर. मग दुसरी जाहिरात. "पाणी किती घ्यायचं एवढंच बघायचंय मला," ती समोरच्या मैत्रिणीला म्हणाली. आणि नेमकं 'पाणी उकळत ठेवा' ही ओळ आली तेव्हा उशिरा उतरलेली एक जाहिरात मध्ये घुसली, मजकूर खाली ढकलला गेला, तिचा अंगठा जिथे पडायचा नव्हता तिथे पडला आणि फोनवर कसलंसं कर्ज देणारं ॲप उघडलं. "शी! काय कटकट आहे ही. मध्येच कुठे नेऊन सोडतात!" ती मागे आली. पान पुन्हा वरपासून सुरू झालं. पुन्हा माझी आजी.

त्या चुकून पडलेल्या अंगठ्याचे मला काही पैसे मिळाले असतील.

मिळाले असतील, किंवा चुकून झालेला क्लिक म्हणून नंतर कापलेही गेले असतील. ती व्यवस्था तेवढी हुशार आहे. पण माझं घर कशावर चालतं ते मी त्या क्षणी फुटभर अंतरावरून पाहिलं. पुढे काय झालं ते सांगते, पण त्याआधी मनात जे घोळत राहिलं ते सांगायला हवं.

2012 मध्ये लिहायला लागले तेव्हा पैशाचा विचारही नव्हता. फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेब लिहायचे आणि रात्री मुलगी झोपली की आजीच्या पाककृती टाइप करायचे. तेव्हा मराठी पानांवर गूगलच्या जाहिराती लावायची सोयच नव्हती. गूगलचं हे जाहिराती लावून देणारं ॲडसेन्स 2003 पासून होतं, हिंदीची दारं 2014 च्या अखेरीस उघडली आणि मराठीची 2018 मध्ये. त्या वर्षी मी अर्ज केला, पत्ता आईकडचा दिला. खात्यात दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे की नाही हे पाहायला पोस्टाने एक पत्र येतं, त्यात सहा आकडी पिन असतो. ते पत्र आईच्या हातात पडलं. आईने आयुष्यभर पोस्टाचं काम केलेलं. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "पोस्टाने आलंय ना, मग खरं असणार." मला त्या व्यवहाराची खात्री पटली ती त्या वाक्याने. शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत, निघाले की महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान निघतात. पहिल्यांदा आले तेव्हा बँकेतून फोन आला, परदेशातून रक्कम आली आहे, कशाबद्दल ते सांगा, कोड भरायचाय. पी1007. जाहिरात. मी म्हटलं, पण मी तर मोदकांबद्दल लिहिते. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, पैसे जाहिरातीचे आहेत."

तेव्हा ते वाक्य मी नुसतं ऐकून घेतलं होतं.

2019 मध्ये नोकरी सोडली. तेव्हापासून चारकोपच्या खोलीचं भाडं, मुलीची फी, आईची औषधं हे सगळं पाच-सहा ठिकाणांहून येणाऱ्या थेंबांवर चालतं. जाहिराती. वस्तूंच्या दुव्यांवरची दलाली. कधीतरी एखाद्या कंपनीचा प्रायोजित लेख. रविवारचे ऑनलाइन वर्ग, मोदक, पुरणपोळी, दिवाळीत चकली. रात्री उपशीर्षकांचं भाषांतर, मिनिटाच्या दराने. आणि फराळाच्या पाककृतींची एक पीडीएफ पुस्तिका, जी वर्षभर निपचित असते आणि वसुबारसेच्या आधी पंधरा दिवस जिवंत होते. लोक विचारतात, म्हणजे नक्की काय करतेस? मी म्हणते, आई करायची तेच.

माझे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. संप मला आठवत नाही, त्यानंतरचं घर आठवतं. आई पहाटे पापडाचं मळलेलं पीठ आणायला जायची आणि दुपारपर्यंत चाळीच्या गॅलरीत पापड वाळत असायचे. पापडखाराचा आणि हिंगाचा वास आमच्या गोधड्यांनासुद्धा यायचा. दुपारी साड्यांना फॉल-बिडिंग. फॉलच्या कापडाला खळ असायची, ते आधी भिजवून वाळवलं नाही तर पहिल्या धुण्यात साडी आक्रसते, म्हणून दोरीवर रंगीबेरंगी पट्ट्या लोंबत असायच्या. संध्याकाळी पोस्टाच्या रिकरिंगची वसुली. महिला प्रधान योजनेतली एजंट होती ती. चार टक्के कमिशन. शंभर रुपये कुणाच्या तरी हातून घ्यायचे, पोस्टात भरायचे आणि चार रुपये आपले. शिवाय भिशी. शिवाय मे महिन्यात कोकणातून येणाऱ्या आमसुलांची पुड्या बांधून विक्री. हल्ली व्याख्यानांमध्ये उत्पन्नाचे अनेक स्रोत वगैरे ऐकते तेव्हा मला त्या दोरीवरच्या फॉलच्या पट्ट्या आठवतात. गिरणगावात घरोघरी हे चाललं होतं आणि त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

आईची एक वही होती, लांबट, लाल पाठीची. तिच्यात आकडे कमी आणि माणसं जास्त. '12 नंबर, हिरवी काठपदर, शुक्रवारी पाहिजे, मुलगी बघायला येणार.' '7 नंबर, या महिन्यात नाही, सासरा आजारी.' त्या सातव्या नंबरच्या बाईचा हप्ता आईने दोन महिने स्वतःच्या कमिशनमधून भरला होता, हे वही वाचूनच कळलं. माझ्याकडेही वही आहे, फोनमध्ये, रोज सकाळी दात घासायच्या आधी उघडते ती. किती पानं उघडली, किती मिनिटं थांबले, हजार वेळा पान उघडल्यावर किती पैसे. कोण होतं ते त्यात नाही. कुठल्या देशातून आलं ते आहे, कारण त्यावर भाव ठरतो. पान उघडतं त्या क्षणार्धात त्या जागेचा लिलाव होतो, भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळीच्या टोपल्यांचा होतो तसा, फक्त इतका झटपट की बोली लावणाऱ्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. न्यू जर्सीत बसून अळूवडी शोधणाऱ्या बाईच्या एका भेटीला जे मिळतं, तेवढ्यासाठी मालाडच्या कितीतरी बायका लागतात. हे मला कळतं आणि ते कळूनही मी कुणासाठी लिहिते हे मला विसरायचं नसतं. रोज थोडं थोडं विसरायला होतं. पाककृतीच्या आधी आजीची गोष्ट लांबवते, त्यात आजीवरचं प्रेम आहे, खोटं नाही ते. पण पान लांबलं की एक जाहिरात जास्त बसते, हेही मला ठाऊक असतं.

ऋतूसुद्धा तेच आहेत, आईचे आणि माझे. श्रावणापासून चढ, गणपतीत उधाण, दिवाळीत पूर. भाऊबीज झाली की ओहोटी, आणि जानेवारीत जाहिरातींचे भाव एकदम बसतात. आई म्हणायची संक्रांतीला साड्या नेसतात, पण शिवायला टाकत नाहीत. जानेवारीतल्या आमच्या घरातल्या आमट्या पातळ असायच्या.

फोर्टला नोकरीला होते तेव्हा दुपारी कधीतरी जीपीओसमोरून जायचे. त्या मोठ्या घुमटासमोर, कबुतरखान्यापाशी, ताडपत्रीखाली पत्रलेखक बसायचे. दुसऱ्यांची पत्रं लिहून पोट भरणारी माणसं. मी पाहिलं तोवर पत्रं जवळजवळ संपली होती. कुणी पार्सलं पांढऱ्या कापडात शिवत, लाखेचे ठिपके देत, कुणी फॉर्म भरून देत. पत्र गेलं म्हणून त्यांनी सुई घेतली. एकदा मात्र मी एक पत्र लिहिलं जाताना पाहिलं. समोर एक तरुण मजूर उकिडवा बसला होता. लेखक म्हातारा, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. लिहून झाल्यावर त्याने ते हिंदीत मोठ्याने वाचून दाखवलं, सावकाश. एका ठिकाणी त्या मुलाने मान हलवली, नाही, असं नको. लेखकाने ती ओळ खोडली, दुसरी लिहिली, पुन्हा वाचली. मग पैसे घेतले. लंच संपत आला होता तरी मी पाय उचलू शकले नव्हते. लिहून पोट भरणं म्हणजे काय याचं जे चित्र माझ्या मनात आहे ते तेच: ज्याच्यासाठी लिहिलं त्याने मान हलवल्यावर ओळ बदलणारा हात.

दुव्यांच्या दलालीतही एक विचित्र जवळीक आहे. ॲमेझॉनच्या दुव्यावरून कुणी गेलं की पुढचे चोवीस तास त्याने टोपलीत जे टाकलं त्यातलं काही आपल्या खात्यात येतं. मी मोदकाच्या साच्याचा दुवा दिलेला असतो आणि यादीत दिसतात चपला, चार्जर, मांजराचं खाणं. नाव नसतं, फक्त वस्तू. एकदा गणपतीच्या आधी त्या यादीत म्हाताऱ्या माणसांचा वॉकर होता, ॲल्युमिनियमचा, घडी होणारा. त्याच्या मागोमाग न्हाणीघरात लावायचा दांडा. कुणाच्या घरी कोण पडलं असेल? मोदकाचा साचा बघता बघता फोन आला असेल का? त्या वॉकरचे थोडे रुपये माझ्याकडे आले आणि मला दिवसभर काही गोड लागलं नाही. आईच्या वहीत असतं तर तिने संध्याकाळी डब्यात पेज घालून नेली असती. मला तर दारच माहीत नाही.

आणि एक गोष्ट आहे जी मी आजवर कुठे लिहिली नाही. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने मोदकाच्या तयार पिठावर लेख मागितला. त्या महिन्यात मुलीची प्रवेश फी होती. रक्कम चांगली होती. नियम मी पाळला. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने 2021 पासून घालून दिलंय तसं वर ठळक 'जाहिरात' असं लिहिलं. पीठ वाईट नव्हतं. मोदक झाले, फुटले नाहीत. पण मी लिहिलं की आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून, दळून आणलेल्या पिठाइतकीच याची उकड लुसलुशीत होते. ते खरं नव्हतं. उकड थोडी चिकट होत होती आणि थंड झाल्यावर चिवट. आईला मुलगी माझे लेख मोठं अक्षर करून वाचायला देते. आईने वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तू हे पीठ घरी पुन्हा आणलंस का गं?" रागाने नाही, अगदी साधं विचारलं. मी म्हटलं, नाही. ती बरं म्हणाली आणि लसूण सोलायला लागली. लसणाच्या सालींचा तो कोरडा आवाज अजून ऐकू येतो. लेखावर 'जाहिरात' असा शिक्का होता, नियमाने माझी बाजू धड होती. पण आईने ज्या बाईच्या साडीला फॉल लावायचा होता तिला, हा रंग धुण्यात जाईल हो, असं सांगून वेळप्रसंगी काम परत केलं होतं. तो लेख मी गेल्या वर्षी काढून टाकला. काढला म्हणून तो लिहिला नव्हता असं होत नाही.

गेल्या दोन वर्षांत थेंब बारीक झालेत. कुणी विचारलं की एक वाटी पिठाला पाणी किती, तर शोधाच्या पानावर उत्तर वरच तयार मिळतं, पान उघडावंच लागत नाही. ते उत्तर कुणीतरी हात भाजून, पीठ वाया घालवून शोधलेलं असतं, आणि त्याच्या दारात आता कुणी येत नाही. याचं मला वाईट वाटतं, रागही येतो. तरी त्या लोकलमधल्या बाईचा चेहरा आठवला की राग पूर्ण उभा राहत नाही. तिला तेवढंच तर हवं होतं. घरी पोचायला साडेसात, चंद्र नऊनंतर, नारळ अजून खोवायचाय, आणि तिच्या आणि त्या एका ओळीच्या मध्ये मी आजी, जातं आणि तीन जाहिराती उभ्या केल्या होत्या. रविवारच्या वर्गात एखादी मुलगी लाजत विचारते, ताई, मलाही असं घरबसल्या करता येईल का, ते लाख रुपये कमवायला शिकवणारे कोर्स असतात ना. तिला मी स्पष्ट सांगते की ते कोर्स घेऊ नकोस. मला पहिली शंभर डॉलरची रक्कम यायला अकरा महिने लागले, आणि तेही आधीची सहा वर्षं फुकट लिहिल्यावर. आधी नोकरी धर, रात्री लिही, तुझ्याकडे दुसऱ्याला न येणारी एक गोष्ट असू दे. मग पाहू.

लोकलच्या त्या संध्याकाळनंतर आठवडाभर मी काही लिहिलं नाही. मग एका रात्री माझाच लेख फोनवर लावून मी मोदक करायला घेतले, वाचक करते तसे. उकड परातीत काढली. ती गरम असतानाच मळावी लागते, गार झाली की तिच्यात भेगा पडतात. हाताला तेल-पाणी लावून मळत होते आणि पुढची ओळ बघायला फोन सरकवायचा होता. तळवे पिठाने भरलेले. करंगळीच्या कडेने पडदा ढकलला आणि जाहिरात आली. ती बंद करायची फुली एवढीशी. करंगळी बसेना. नाकाने करून पाहिलं. तोवर उकडीवर साय धरली होती. बारा वर्षं मी सांगत आले की उकड थांबत नाही, आणि तिथेच, बरोब्बर तिथे, मी बाईला थांबवत होते.

दुसऱ्या दिवशी कृतीच्या आतल्या सगळ्या जाहिराती काढल्या. साहित्य आणि प्रमाण सगळ्यात वर आणलं, आजीला खाली नेलं, ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी. वरचं प्रमाण बघून लोक वीस सेकंदांत निघून जातात. त्या महिन्यात जाहिरातींचे पैसे तिसऱ्या हिश्शाने उतरले आणि अजून वर आलेले नाहीत. ती खाच भरायला भाषांतराचं काम वाढवलंय, रात्री दोनपर्यंत बसते, डोळे चुरचुरतात. मुलगी म्हणते, आई, निदान दोन जाहिराती परत लाव. कदाचित लावीन. गणपतीत नाही, पण जानेवारीत लावाव्या लागतील असं वाटतं, आणि तेव्हा मला हे सगळं पुन्हा वाचावं लागेल.

तर त्या दिवशी. ती बाई दुसऱ्यांदा खाली जात होती. जोगेश्वरी गेलं होतं. आजी पुन्हा येऊन गेली, पहिली जाहिरात गेली, दुसरी दिसायला लागली आणि मला ते बघवेना. मी म्हटलं, "एक वाटी पिठाला एक वाटी पाणी. तांदूळ नवा असेल तर दोन चमचे कमी."

तिने वळून पाहिलं. "आणि मीठ?"

"चिमूटभर. एक चमचा तूप. पाणी उकळलं की गॅस बारीक, पीठ एकदम घाला, उलथन्याच्या दांड्याने हलवा, झाकण ठेवा, दोन वाफा. गरम असतानाच मळा."

"फुटतात हो माझे. वाफवताना."

"पात्रात ठेवायच्या आधी प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून काढा. नुसता बुडवायचा आणि काढायचा."

ती पुटपुटत मनात घोकत राहिली, एक वाटी, एक वाटी, दोन वाफा. मग तिने फोनकडे पाहिलं, माझं पान बंद केलं आणि फोन पर्समध्ये टाकला. "बरं झालं तुम्ही भेटलात," ती म्हणाली. "त्यात काही सापडत नव्हतं." मालाड जवळ आलं तशी ती उठली. नारळाची पिशवी छातीशी धरून दाराकडे सरकली आणि गर्दीतून मान वळवून ओरडली, "ताई, हळदीचं पान नसलं तर?"

"केळीचं घाला," मी ओरडले. गाडी थांबली आणि ती उतरून गेली. तिची आतली जागा मला मिळाली होती, पण पुढच्याच स्टेशनला मला उतरायचं होतं.